पुढची कातडी घट्ट आहे? आधी ओढणं थांबवा

लग्न ठरलं तेव्हा मी २६ वर्षांचा होतो आणि खरं सांगतो, लिंगाची पुढची कातडी मागे जायला पाहिजे हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सांगणार कोण? बाबा सांगणार नाहीत, शाळेत सरांनी तो धडा "घरी वाचून या" म्हणत उडवलेला, आणि मित्रांमध्ये हा विषय निघाला की नुसते पांचट जोक. मग एक दिवस रूमवर अंघोळ करताना जोर लावून ओढून बघितली, अर्धी मागे गेली, अशी काही आग झाली की विचारू नका, आणि बघतो तर कडेला चार-पाच बारीक चिरा आणि रक्त. आठवड्याभरात भरलं पण कातडी आधीपेक्षा घट्ट. परत ओढली, परत चिरा. हा येडेपणा चार महिने चालला. शेवटी डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अर्धा प्रॉब्लेम आधीपासूनचा आहे, अर्धा तू स्वतः केलायस."

कारण साधं आहे. फाटलेल्या शर्टाला रफू केलं की कापड जोडलं जातं, पण ती जागा कडक होते, ताणत नाही. कातडीचं तेच, प्रत्येक चीर भरताना तिथे व्रण तयार होतो आणि व्रणाची कातडी लवचिक नसते, म्हणजे तुम्ही जितकं जबरदस्तीने ओढाल तितकी ती आवळत जाणार. तेव्हा हे वाचताना कुणाचं ओढणं चालू असेल तर ते आजपासून बंद, चिरा असतील तर त्या आधी पूर्ण भरू द्या, मग पुढचं.

नेमकं घट्ट काय असतं

डॉक्टरांनी मला प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला लेंगा काढून दाखवला, खरंच लेंगा. म्हणाले, लेंग्याची नाडी आवळली की कापड भरपूर असूनही तो कमरेवरून खाली येत नाही, तसंच आहे हे. कातडी कमी नसते, तिच्या तोंडाशी जी गोल कड असते ती नाडीसारखी आवळलेली असते आणि पुढचा भाग, ज्याला सगळे सुपारी म्हणतात, तो त्यातून बाहेर येत नाही. याला डॉक्टरी भाषेत फायमोसिस म्हणतात.

पण सगळ्यांचं एकसारखं नसतं, म्हणून आधी आपलं काय आहे ते शांतपणे बघा, कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर, न ओढता. काहींची कातडी एरवी आरामात मागे जाते आणि ताठर झाल्यावरच अडकते. काहींची अजिबातच जात नाही, पुढे फक्त छोटंसं भोक दिसतं. तिसरा प्रकार असा की कातडी मागे जाते पण खालच्या बाजूला जी दोरीसारखी पातळ पट्टी असते ती आखूड असते, त्यामुळे सुपारी खाली वाकते आणि ती दोरी दुखते. हा तिसरा प्रकार बरेच जण फायमोसिस समजून महिनोन्महिने क्रीम चोळत बसतात, त्याने फारसं काही होत नाही, कारण तिथे नाडी आवळलेली नाहीच, दोरी आखूड आहे, आणि त्याला वेगळं छोटं ऑपरेशन असतं.

आणि चौथी गोष्ट बघायची ती रंग. कड मऊ आणि बाकीच्या कातडीसारखीच असेल तर बहुतेक वेळा औषधाने काम होतं. पण कड पांढरट, चमकदार, कडक आणि कागदासारखी झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. तो कधीकधी पुढे लघवीच्या भोकापर्यंत आणि आत नळीतही जातो, त्यामुळे पांढरी कडक कड दिसली तर घरचे प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर.

एक गंमत सांगतो. मला वाटायचं फायमोसिस हे आजकालचं काहीतरी इंग्रजी दुखणं आहे, तर आमच्या ओळखीचे एक वैद्य म्हणाले की सुश्रुतसंहितेत याला निरुद्धप्रकश असं नाव आहे, आणि कातडी मागे जाऊन तिथेच अडकली तर परिवर्तिका, आणि जबरदस्तीने फाटली तर अवपाटिका. तिन्हीला वेगळी नावं! म्हणजे माझी अवपाटिका झालेली. उपाय काय तर तूप लावलेली दोन्हीकडून उघडी नळी आत घालायची आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड नळी घ्यायची. आता कुणी घरी नळ्या-बिळ्या घालू नका प्लीज, पण त्यातली अक्कल बघा, एकदम ओढा असं तेव्हाही कुणी सांगत नव्हतं, हळूहळू रुंद करा असंच सांगत होते.

घरात लहान मुलगा असेल तर

हे आईबाबांसाठी, कारण पुढे होणारा बराचसा घोळ इथे सुरू होतो. बाळ जन्मतं तेव्हा कातडी आतून सुपारीला चिकटलेलीच असते, नख जसं खालच्या मांसाला चिकटलेलं असतं तशी. ती वयाप्रमाणे आपोआप सुटते, कुणाची दोन-तीन वर्षांत, कुणाची दहा-बारा वर्षांत. १९६८ साली याकोब ओस्टर नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून आकडे छापले, त्यात ६-७ वर्षांच्या मुलांत साधारण ८ टक्क्यांची कातडी घट्ट होती आणि १६-१७ पर्यंत ते प्रमाण १ टक्क्यावर आलं, काहीही न करता.

आणि आपल्याकडे काय होतं? माझ्या बहिणीच्या बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी रोज पायांवर बाळ घेऊन, डोकं-नाक दाबून झालं की बोटाला खोबरेल लावून ती कातडी मागे सारायच्या, "आत्ता केलं नाही तर पुढे पोराला त्रास होतो बघा." बाळ लालबुंद होऊन रडायचं आणि सगळे म्हणायचे छान फुफ्फुसं आहेत. मावशींचा हेतू चांगलाच होता, त्यांना त्यांच्या सासूने तेच शिकवलेलं. पण चिकटलेली कातडी सोलून काढली की आत जखम होते आणि ती भरताना परत चिकटते किंवा आवळते. बहिणीने शेवटी डॉक्टरांकडूनच मावशींना सांगवलं, आपल्या सांगण्याने त्या ऐकल्या नसत्या. लहान बाळाचं फक्त बाहेरून पाण्याने धुवायचं, बस.

शू करताना पुढे फुगा येतो म्हणून घाबरू नका, धार नीट येत असेल आणि रडत नसेल तर तो फुगा कातडी सुटत चालल्याची खूण असते. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी पांढरट-पिवळट गाठ दिसते ती पण पू नसतो, जुन्या पेशी साठलेल्या असतात, आपोआप बाहेर पडतात. पण शूची धार दोऱ्यासारखी बारीक, कुंथून करावी लागते, टोक सारखं लाल होऊन सुजतं, ताप येतो, लघवीचं इन्फेक्शन परत परत होतं, असं काही असेल तर पीडियाट्रिक सर्जनला दाखवा. आणि बाळाचं शूचं भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर कुठल्याही कारणाने सुंता करून घेऊ नका, ते भोक नीट करायच्या ऑपरेशनला कधीकधी तीच कातडी वापरतात.

क्रीम आणि ताण, हे कसं करायचं

मोठ्यांकडे परत येतो. मऊ कडेच्या फायमोसिसला पहिला उपाय म्हणजे स्टिरॉइड क्रीम, बहुतेक वेळा बीटामेथासोन ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा, ४ ते ८ आठवडे. आवळलेली कड याने मऊ आणि थोडी पातळ होते, मग ती ताणता येते. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं, ऑपरेशनची वेळ येत नाही.

पण क्रीम मेडिकलमधून मनाने आणू नका, हे मी अनुभवाने सांगतो. मी काउंटरवर चार माणसं उभी असताना हळू आवाजात "खाज आहे" असं खोटंच सांगितलं आणि त्याने जी ट्यूब दिली तिच्यात एक कडक स्टिरॉइड, एक फंगसचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. गजकर्णाला हीच असली भेसळ चोळून चोळून किती लोकांची कातडी खराब झालीये ते कुठल्याही स्किनच्या डॉक्टरला विचारा. ट्यूबवर लाल रेघ असते ती शोभेची नसते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा तिचा अर्थ. शिवाय आत फंगस असेल, म्हणजे लाल ठिपके, दह्यासारखा पांढरा थर, खाज, तर त्यावर नुसतं स्टिरॉइड लावलं की फंगस अजून फोफावतो. आधी फंगसचं औषध, तो गेला की मग हे. कुठलं आधी हे बघायला डॉक्टरला दोन मिनिटं लागतात.

लावायचं असं. आधी हात धुवा, आणि घरात मिरच्या चिरायचं काम तुमच्याकडे असेल तर दोनदा धुवा, का ते मी सांगत बसत नाही. कोमट पाण्याने जागा धुवा, साबण, डेटॉल, शॅम्पू काही नको, आतल्या कातडीला ते झोंबतं आणि त्यानेच सूज येते. मऊ कापडाने टिपून कोरडं करा. मग कातडी जेवढी सहज जाते तेवढीच मागे घ्या, जिथे आवळ दिसतो ती गोल कड हीच औषधाची जागा. मटारच्या दाण्याएवढं क्रीमसुद्धा जास्त होतं, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं पुरतं, ते त्या कडेवर पातळ लावायचं आणि बोटाने हलकेच जिरवायचं. बाहेरून नुसतं टोकाला चोपडून उपयोग नाही, मी पहिला आठवडा तेच करत होतो. लावून झालं की कातडी परत पुढे आणि हात परत धुवा.

ताण देणं पहिल्या दिवसापासून नको, आठ-दहा दिवस क्रीम लावून कड मऊ पडू द्या. मग अंघोळीनंतर कातडी इतकीच मागे घ्यायची की ओढ जाणवेल पण दुखणार नाही, तिथे अर्धा मिनिट धरायची, सोडायची, परत. पाच मिनिटं झाली की बस. दुखणं सुरू झालं म्हणजे तुम्ही पुढे गेलात, चीर पडली तर ती पूर्ण भरेपर्यंत सुट्टी. हे व्यायामशाळेसारखं नाही की आज जास्त केलं तर उद्या जास्त फळ. माझं तिसऱ्या आठवड्यात थोडं जाणवलं, सातव्या आठवड्यात एरवी पूर्ण मागे जायला लागली आणि ताठर असताना अडायची थांबायला तीन महिने गेले, ते पण क्रीम बंद झाल्यावर नुसत्या रोजच्या ताणाने. क्रीम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुढे ओढू नका, कातडी नको तितकी पातळ होते.

पहिल्यांदा सुपारी उघडी पडते तेव्हा ती इतकी नाजूक असते की चड्डीचं कापड लागलं तरी माणूस उडतो, शॉवरची धार पण सहन होत नाही. त्यात काही बिघडलेलं नाही, इतकी वर्षं झाकलेली जागा आहे, काही आठवड्यांत सवय होते. आत पांढरा थर जमलेला असेल तर तोही घाण आजार नव्हे, एका दिवसात खरवडू नका, रोज पाण्याने धुतला की जातो.

खोबरेल तेलाबद्दल सगळे विचारतात. ओलाव्यासाठी ठीक आहे, पण तेलाने कड सैल होत नाही. आणि कंडोम वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, खोबरेल काय किंवा व्हॅसलीन काय, तेलकट कशानेही लेटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटतो. उपचार चालू असताना संबंध ठेवताना आग होत असेल तर थोडे दिवस थांबा, नाहीतर महिन्याभराची मेहनत एका रात्रीत जाते.

मागे गेली आणि अडकली तर

हे मात्र नीट वाचा, कारण यात वेळ महत्त्वाचा. ताण देऊन झाल्यावर, अंघोळीत, संबंधानंतर, कधीही कातडी मागे घेतली की ती पुढे आणायचीच. विसरलात आणि ती घट्ट कड सुपारीच्या मागे रबरबँडसारखी अडकली की पुढचा भाग सुजायला लागतो, सुजला की कड अजून आवळते, आणि रक्त अडून राहिलं तर काही तासांत प्रकरण गंभीर होतं. अशा वेळी घाबरून ओढाताण करू नका. सुपारी आणि सुजलेला भाग तळहातात धरून चांगला पाचेक मिनिटं एकसारखा दाबून ठेवायचा, सूज मागे ढकलली जाते, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावला तरी चालतो, मग दोन्ही अंगठ्यांनी सुपारी आत ढकलत बोटांनी कातडी पुढे आणायची. एक-दोन प्रयत्नांत आली तर ठीक, नाही आली किंवा रंग काळानिळा दिसायला लागला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जा. सकाळी बघू म्हणायचं नाही.

हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत पण होतं. हॉस्पिटलमध्ये लघवीची नळी घालताना कातडी मागे घेतात आणि घाईत ती पुढे आणायची राहून जाते, पेशंट झोपलेला, बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूज. तुमचं कुणी नळी लावून असेल तर लाज न बाळगता नर्सला एकदा विचारा, कातडी पुढे घेतलीये ना.

चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक घट्ट झाली तर

तरुणपणी सगळं नीट होतं आणि आता कातडी आवळली, कडेला उभ्या चिरा पडतात, खाज येते, असं असेल तर पहिली शंका साखरेची. आमच्या बाबांचंच उदाहरण, वय ५८, डायबिटीस जुना, सहा महिने हे अंगावर काढत होते आणि आईलाही बोलले नाहीत, शेवटी मला सांगितलं ते पण "जरा खाली कोरडं पडतंय" अशा शब्दांत. डॉक्टरांनी चिरा बघितल्या आणि थेट विचारलं, "शुगरची गोळी हल्ली बदलली का?" बदललेली होती. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला फायद्याच्या आहेत, पण लघवीत साखर म्हणजे फंगसला पंगत, आणि सारखं फंगस झालं की कातडी चिरते, भरते, आवळते. गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं. बाबांना फंगसचं क्रीम, प्रत्येक लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपणं आणि साखरेवर लक्ष एवढ्याने बरंच बरं वाटलं. डायबिटीस माहीत नसलेल्यांनी पण एकदा उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, उपाशी १२६ किंवा वर, एचबीएवनसी ६.५ किंवा वर आली तर कातडीपेक्षा मोठं काम समोर आहे.

आणि घट्ट कातडीखाली गाठ लागते, जखम भरत नाही, घाण वासाचं किंवा रक्ताळ पाणी येतं, तर एक आठवडाही थांबू नका. न उघडणारी कातडी, आत साठणारी अस्वच्छता आणि तंबाखू, हे तिन्ही लिंगाच्या कॅन्सरचा धोका वाढवतात.

ऑपरेशनची वेळ आली तर

क्रीमने दोन महिन्यांत काहीच हललं नाही, कड पांढरी कडक आहे, किंवा फंगस परत परत येतंय, तर ऑपरेशन. सुंता म्हटलं की आपल्या घरात लगेच धर्माचा विषय निघतो, माझ्या एका मित्राच्या आईने तर दोन दिवस जेवण सोडलं. डॉक्टरला विचारा, पर्याय पण असतात, कातडी न काढता फक्त कड रुंद करतात किंवा वरून एक उभी चीर देतात. मात्र लायकेन स्क्लेरोसस असेल तर बहुधा पूर्ण काढणंच बरं पडतं आणि काढलेली कातडी तपासणीला पाठवायला सांगा.

मोठ्यांचं बऱ्याचदा जागा बधिर करून होतं, त्याच दिवशी घरी. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात, सूज आणि निळेपणा बघून पहिल्या आठवड्यात जीव घाबरतो पण ते होतं. पहाटे ताठरता आली की टाक्यांना ओढ बसते, मित्राचा सल्ला असा की झोपायच्या आधी लघवीला जाऊन या आणि सैल लुंगी नेसा. बाईक थोडे दिवस बंद, संबंध आणि हस्तमैथुन ४ ते ६ आठवडे बंद. स्टेपलरने दहा मिनिटांत, लेझरने बिनरक्ताचं असल्या जाहिराती सगळीकडे असतात, पद्धत कुठली यापेक्षा करणारा सर्जन कोण आणि नंतर दाखवायला तोच भेटणार का हे विचारा. इन्शुरन्स असेल तर कागदावर ऑपरेशनचं मेडिकल कारण लिहून घ्या.

कुणाकडे जायचं? युरोलॉजिस्ट, नाहीतर जनरल सर्जन किंवा स्किनचे डॉक्टर. रेल्वेच्या भिंतीवर "गुप्तरोग, शर्तिया इलाज" लिहिलेलं असतं तिकडे नको. सरकारी हॉस्पिटलात स्किनच्या ओपीडीवर "त्वचा व गुप्तरोग विभाग" अशी पाटी असते, ती वाचून मी एकदा दारातून परत फिरलोय, तुम्ही फिरू नका, आत रांगेत अर्धे लोक खरजेचे आणि केस गळणारेच असतात. रिसेप्शनवर मुलगी "काय त्रास आहे?" विचारते तेव्हा घशात आवंढा येतो, तिथे फक्त "युरिनचा प्रॉब्लेम आहे" म्हणायचं, ती तेवढंच लिहिते आणि नंबर देते.